अळवावरचे पाणी, बाटलीतला मध

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात अळूवड्यांची गडबड चालली होती. मातोश्री नळाखाली एकेक पान धरून धूत होत्या आणि आमची धाकटी त्यांच्या शेजारी उभी राहून पानावरून घरंगळणाऱ्या थेंबांकडे टक लावून पाहत होती.

"आजी, पान ओलंच होत नाहीये!"

"अगं, म्हणून तर अळवावरचं पाणी म्हणतात. आलं तसं गेलं."

एवढे सांगून मातोश्री संसाराच्या क्षणभंगुरतेकडे वळणार, तोच पलीकडून धप्‌ धप्‌ असा आवाज येऊ लागला. आमच्या सौ. मधाची बाटली उपडी धरून तिच्या बुडावर चापट्या मारीत होत्या. मध काही खाली उतरेना. "पाहिलंत? संपली संपली म्हणून टाकून देतो, अन् चार चमचे आतच राहतात," असे म्हणून त्यांनी बाटली माझ्या हाती दिली. नवऱ्याचा उपयोग अशाच वेळी असतो.

इतक्यात नारायणगावाहून मेहुणे आले. बहिणीला साडी, पोरींना फटाके, आणि त्यांच्याबरोबर गाडीच्या मागच्या बाजूला टोमॅटोचे दोन भरलेले क्रेट. "एवढे कशाला आणलेत हो?" असे मी विचारले, तेव्हा ते हसले, पण ते हसू काही दिवाळीचे नव्हते.

"दाजी, बाजारात नेऊन तोडणी-भाडंसुद्धा सुटत नाही. ठेवावा तर आज लाल आहे तो परवा मऊ पडतो. रस्त्यावर ओतण्यापेक्षा म्हटलं, ताईकडे न्यावा. चार दिवस, फक्त चार दिवस हा माल थांबला असता, तर मीही थांबलो असतो."

पानावरचे पाणी, बाटलीतला मध आणि क्रेटमधला टोमॅटो यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मला त्या दिवशी मुळीच वाटले नव्हते. तो दाखवून दिला आमच्या थोरलीने. ती विज्ञान शाखेला आहे. जेवताना ती म्हणाली, "बाबा, या तिन्हींची उत्तरं निसर्गाने कधीच काढून ठेवली आहेत. आता शास्त्रज्ञ ती बघून बघून उतरवून घेताहेत." पुढे अनेक रात्री मी या विषयावर वाचीत बसलो. त्यातले जे मनोरंजक वाटले, आणि जे विचार करायला लावणारे वाटले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पान स्वच्छ का राहते?

जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. १९७० नंतरच्या दशकात ते शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या झाडांची पाने तपाशीत असत. पान पाहण्यापूर्वी ते धुऊन घ्यायचे, हा रिवाज. त्यांच्या ध्यानात एक गंमत आली. जी पाने दिसायला गुळगुळीत, ती नेहमी धुवावी लागत. जी पाने सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत दिसत, ती मात्र मुळातच स्वच्छ असत. आपला समज नेमका उलटा. गुळगुळीत फरशी पुसायला सोपी, खडबडीत अवघड, असे कोणतीही गृहिणी सांगेल.

उलगडा असा झाला. कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर मेणाचे त्याहूनही बारीक कण. पाण्याचा थेंब या उंचवट्यांच्या टोकांवरच तोलून राहतो. त्याच्याखाली हवा कोंडलेली असते. त्यामुळे तो पसरत नाही, गोटीसारखा गोल राहतो, आणि पान जरा कलले की वाटेतली धूळ उचलून घेऊन घरंगळत जातो. बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील प्रयोगात पानांवर मुद्दाम धूळ टाकून वर कृत्रिम पाऊस पाडला होता. ज्या खडबडीत पानांवरची धूळ वाहून गेली, त्यांत कमळाबरोबर कोबी होता, आणि आपला अळूही होता! ज्या पानाला आपण क्षणभंगुरतेचा दाखला म्हणून वापरले, त्याच पानाकडे जर्मन पंडित स्वच्छतेचा धडा घ्यायला गेले.

याच वर्षी, म्हणजे १९९७ मध्ये, जॅनिन बेन्यस या अमेरिकन लेखिकेचे 'बायोमिमिक्री' हे पुस्तक निघाले आणि या विद्येला एक नाव रूढ झाले. आपण तिला निसर्गानुकरण म्हणू. निसर्गातून वस्तू तोडून आणायची नाही, युक्ती तेवढी शिकून घ्यायची, असा तिचा बाणा.

मध खाली कसा उतरावा?

मग मधाच्या बाटलीला आतून अळूच्या पानासारखे केले की झाले, असे वाटेल. पण तेथे घोडे अडते. अळूची युक्ती पाण्यापुरती नामी आहे. तेलकट पदार्थ त्या उंचवट्यांच्या फटींत शिरतात. शिवाय जड पदार्थ दिवसच्या दिवस दाबून बसला की खालची हवा निसटून जाते. सॉस, मध, अंडे आणि तेल घुसळून केलेले मेयोनेज, या मंडळींपुढे अळूची मात्रा चालत नाही.

यांच्यासाठी गुरू मिळाला तो घटपर्णीच्या रूपाने. ही कीटक खाणारी वनस्पती. आपल्या देशात तिची एक जात मेघालयातील डोंगरांत आढळते. तिच्या पानाच्या टोकाला झाकण असलेला चंबू लटकत असतो. किडा मधाच्या आशेने चंबूच्या काठावर येतो आणि पाय घसरून थेट आत पडतो. काठ एवढा निसरडा कशाने? २००४ मध्ये बोन आणि फेडर्ले या संशोधकांनी दाखविले की, त्या काठाला पाणी शोषून धरणाऱ्या बारीक खाचा असतात. काठ ओला झाला की त्यावर पाण्याचा एकसंध पातळ थर बसतो. किड्याचा पाय पानाला लागतच नाही, तो पाण्यावरच घसरतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात आपली जी गत होते, तीच त्याची.

हा धडा घेऊन हार्वर्ड विद्यापीठात जोअॅना आयझेनबर्ग यांच्या चमूने २०११ मध्ये एक निसरडा पृष्ठभाग तयार केला. सच्छिद्र पदार्थाच्या बारीक छिद्रांत एक स्निग्ध द्रव भरून ठेवायचा. छिद्रे त्याला धरून ठेवतात आणि वर जे काही पडेल, मग ते पाणी असो, तेल असो की रक्त, ते त्या द्रवावरून घसरून जाते. ओरखडा पडला तरी द्रव आपोआप पसरून तो बुजवितो.

जवळच्याच मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये कृपा वाराणसी हे प्राध्यापक आहेत. ते मद्रासच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी. त्यांचीही हकीकत मोठी बोलकी आहे. त्यांच्या पत्नी एकदा बाटलीतून मध काढण्यासाठी झटत होत्या. एवढे पृष्ठभागांचे संशोधन करता, तर याचे काही करा की, असा प्रश्न नवऱ्याला पडणे ओघानेच आले. हे वाचून आमच्या सौ.नी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्याचे वर्णन येथे करीत नाही. वाराणसी आणि त्यांचे विद्यार्थी डेव्ह स्मिथ यांनी अशाच तत्त्वावर बाटलीच्या आतला लेप तयार केला. २०१२ मध्ये त्यातून सॉस सरसर घसरून येतानाची चित्रफीत जगभर गाजली. लेपाचे घटकही असे निवडता येतात की, अन्नात मिसळले तरी बाधू नयेत. २०२१ मध्ये युरोपात कोलगेटने हा लेप लावलेल्या पारदर्शक बाटलीतून दंतमंजनाची पेस्ट विकायला काढली.

मधाचे चार चमचे वाचले तर एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण घरच्या बाटलीत जे होते, तेच कारखान्याच्या टाकीत आणि नळकांड्यांत होते. तेथे चिकटून राहिलेले अन्न पाण्याच्या लोंढ्यांनी आणि सोड्याने धुऊन काढावे लागते. पदार्थ गेला तो गेलाच, वर पाणीही गेले आणि ते घाण पाणी साफ करण्याचा खर्च वेगळाच.

रेशमी स्ट्रॉबेरी

आता मेहुण्यांच्या टोमॅटोकडे वळू. फळ झाडावरून तोडले तरी मरत नाही. ते श्वास घेत राहते, पाणी सोडत राहते, आणि त्यातच पिकून, थकून नासते. यावर झाडाने स्वतःच तोड काढलेली असते. फळाची साल म्हणजे वरून मेण आणि आत क्युटिन नावाचा चिवट पदार्थ, यांनी विणलेले पातळ आवरण होय. टोमॅटोची साल तर इतकी पक्की की, तिच्यातून वारा फारसा खेळतच नाही. बहुतेक देवघेव चालते ती देठाच्या जागी राहिलेल्या छोट्याशा व्रणातून. मेहुण्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तरीच आम्ही म्हणतो, देठासकट तोडलेला माल जास्त टिकतो!" शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही.

या सालीला आणखी एक झिरझिरीत पांघरूण घालता आले तर? याचे एक उत्तर निव्वळ योगायोगाने सापडले. अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठात फिओरेंझो ओमेनेत्तो यांच्या प्रयोगशाळेत रेशमावर संशोधन चालते. तेथे एकदा पाककृतींची स्पर्धा झाली. अट अशी की, पदार्थात रेशीम हवेच! बेनेदेत्तो मारेल्ली या तरुण संशोधकाने स्ट्रॉबेऱ्या रेशमाच्या द्रावणात बुडवून पाहिल्या. बेत काही जमला नाही आणि स्ट्रॉबेऱ्या मेजावर तशाच राहिल्या. सुमारे आठवड्याने पाहतो तो, न बुडविलेल्या नासलेल्या आणि रेशमी लेपाच्या अजून टवटवीत.

रेशीमकिडा आपला कोश विणतो तो आतला नाजूक जीव सुकू नये, किडू नये म्हणून. त्या धाग्यातील फायब्रॉइन हे प्रथिन पाण्यात विरघळवून फळावर चढविले की तोच पहारा फळाला मिळतो. लेपाला रंग नाही, वास नाही, चव नाही. २०१६ मध्ये या चमूने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या खोलीच्या तपमानात लेप दिलेल्या स्ट्रॉबेऱ्या सात दिवसांनीही रसदार होत्या. बिनलेपाच्या सुकून विटल्या होत्या. केळ्यांचे पिकणेही लांबले.

मातोश्रींनी हे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "म्हणजे कोश उकळणार ना? त्यात जीव असतो ना रे?" प्रश्न सोपा आहे आणि टाळण्यासारखा नाही. त्याला एक उत्तर असे की, वनस्पतींपासून मिळणाऱ्या तेलकट घटकांचाच लेप करण्याचा उद्योग २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. फळाच्या सालीची नक्कल सालीच्याच सामग्रीने करायची. मातोश्रींना हे जास्त पटले.

न गोठणारे मासे

आइस्क्रीमचा डबा बाजारातून घरी आणीपर्यंत थोडा वितळतो, फ्रीजमध्ये पुन्हा गोठतो, आणि दुसऱ्या दिवशी खाताना दाताखाली बर्फ कचकच लागतो. त्यात वीज गेली तर पाहायलाच नको. कारण असे की, तपमान वरखाली झाले की बर्फाचे बारीक कण विरतात आणि ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसते. मोठे अधिक मोठे होतात. संसारातला हा नियम डब्यातही चालतो.

१९६० नंतरच्या दशकात आर्थर डेव्हरीज हा तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ अंटार्क्टिकाच्या समुद्रातील माशांचा अभ्यास करीत होता. तेथले पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड. इतर समुद्रांतील माशांचे रक्त उणे एक अंशाच्या आतच गोठते. मग हे मासे पोहतात कसे? डेव्हरीजने त्यांच्या रक्तात एक विशेष प्रकारची प्रथिने शोधून काढली. ती बर्फाच्या अगदी कोवळ्या कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत.

पुढे उत्तर अटलांटिकमधील एका माशात अशाच कामाचे दुसरे प्रथिन सापडले. युनिलिव्हर कंपनीने त्या प्रथिनाची कृती यीस्टला शिकविली. पाव फुगविणारे जे यीस्ट, त्याच्याच पोटी हे प्रथिन तयार करून घेतले आणि आइस्क्रीममध्ये अगदी किंचित घातले. कण बारीक राहतात, आणि कमी स्निग्धांश घालूनही आइस्क्रीम मऊ लागते. अमेरिकेत २००३ मध्ये आणि युरोपीय संघात २००९ मध्ये त्याला वाट मोकळी झाली.

यात माशाला कोणी हात लावीत नाही, हे मी मातोश्रींना परोपरीने समजावून सांगितले. "नसेल लावत," त्या म्हणाल्या, "पण डब्यावर तसं लिहावं. खायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं." ग्राहकाच्या हक्काची याहून नेमकी व्याख्या मला कोठे वाचायला मिळाली नाही.

उंट आणि माठ

आता शेवटचा गुरू. सहारात उंटांचा अभ्यास करणारे श्मिट-नील्सेन यांनी १९५० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. उंटाची लोकर कातरली तर तो थंड राहील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कातरलेल्या उंटाला सुमारे दीडपट घाम गाळावा लागला. घाम कातडीला गार करतो आणि लोकर बाहेरची उष्णता अडविते. दोन्ही एकत्र असतील तेव्हाच थोड्या पाण्यात भागते.

२०२० मध्ये मॅसॅच्युसेट्‌सच्या त्याच संस्थेत हा उंट प्रयोगशाळेत उतरविला गेला. खाली पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा थर, ही घामाची कातडी. वर एरोजेल नावाच्या अतिशय हलक्या, सच्छिद्र पदार्थाचा थर, ही लोकर. वाफ तिच्यातून बाहेर जाते, उष्णता आत येत नाही. अशा आवरणाखाली विजेशिवाय भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे सात अंश गारवा मिळाला, आणि नुसत्या जेलच्या तुलनेत तो पाचपट वेळ टिकला. अडचण एवढीच की, एरोजेल तयार करणे महागाचे काम आहे.

हे वाचताना मला आपला माठ आठवला. त्याचेच तत्त्व वापरून दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत रॉय आणि खुर्डिया यांनी १९८० नंतरच्या काळात 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वर गवताचे झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ शिंपडलेले पाणी. ऐन उन्हाळ्यात आतले तपमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरते आणि हवेत ओलावा ९० टक्क्यांच्या घरात राहतो. कोरड्या हवेत हे उत्तम चालते. कोकणच्या दमट हवेत घामच सुकत नाही, तेथे ही युक्तीही थकते. यासाठी वीज नाही, गवंडी गावातलाच, आणि दुरुस्तीही घरची.

धडा पुरा घ्यायचा

हे सारे वाचून झाल्यावर जगातील नासाडीचे आकडे पाहिले आणि मन खट्टू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार कापणीपासून दुकानापर्यंत जाताना सुमारे १३ टक्के अन्न वाया जाते. पुढे दुकाने, खाणावळी आणि घरे मिळून आणखी १९ टक्के. २०२२ साली या दुसऱ्या हिश्श्याचे वजन १०५ कोटी टन होते आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून फेकलेले होते. म्हणजे दोष केवळ साठवणुकीचा नाही, आपल्या ताटांचाही आहे. त्यावर कोणत्याही माशाचे प्रथिन उपयोगी पडणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. निसर्ग वस्तू टिकवितो ती वस्तू असते तेथेच. साल फळाबरोबरच वाढते, नंतर कोठे नेऊन चढवावी लागत नाही. आणि तो टिकवितो तेही बेतापुरतेच. केळ्याचे काम झाले की सालही मातीत मिळते. आपण मात्र दोन दिवसांच्या भाजीला शेकडो वर्षे न कुजणाऱ्या पिशवीत घालतो. युक्ती उचलली आणि हा बेत सोडला, तर अर्धाच धडा घेतला असे होईल.

मेहुण्यांनी हेच आपल्या भाषेत मांडले. "दाजी, तुमचा तो रेशमाचा लेप कुठे लावणार? शहरातल्या गोदामात ना? मग वाढलेले चार दिवस गोदामवाल्याचे. माझ्या बांधावर लावता आला, तर ते चार दिवस माझे."

फळाचे आयुष्य वाढविणे हे शास्त्राचे काम. पण वाढलेले दिवस कोणाच्या पदरात पडतात, हे शास्त्र ठरवीत नाही, ते आपण ठरवतो. स्वस्त, सोपी, बांधावर करता येण्यासारखी युक्ती आणि मोठ्या भांडवलाखेरीज हाती न येणारी युक्ती, दोन्ही निसर्गातूनच उचललेल्या असतील. पण शेतकऱ्याच्या घरी त्यांचा अर्थ फार निराळा होतो.

या उन्हाळ्यात मेहुण्यांनी घरामागे विटा-वाळूचा शीतकक्ष बांधला. थोरलीने आकृती काढून दिली होती. अशा कक्षात साधारण शंभर किलो माल मावतो, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पाच क्रेट. शेतातून निघणाऱ्या मालापुढे हे काहीच नव्हे, आणि तसे ते स्वतःच म्हणाले. परंतु पुढे जे म्हणाले ते मला विसरता येत नाही.

"सगळ्या मालाचं काही भागलं नाही, दाजी. पण पाच क्रेटपुरतं का होईना, आयुष्यात पहिल्यांदा मी व्यापाऱ्याला म्हणालो, आज नाही देत, परवा बघू."

यंदा भाऊबीजेला ते यायचे आहेत. अळूची पाने मी आधीच सांगून ठेवली आहेत. आणि मधाची बाटली संपत आली की सौ. आता तिच्यात चमचाभर कोमट पाणी घालून हलवितात आणि लिंबाच्या सरबतात ओततात. बाटली लख्ख निघते. हे संशोधन मात्र पूर्णपणे आमच्या घरचे आहे.